लेखी आधी, पैसे मागाहून : पत्रिका, भेटकार्डे व भेटसामान घरबसल्या मागविताना



सभासद-शिक्षणाच्या या पाठात बेणे, खत किंवा पाण्याची पाळी यांविषयी आम्ही काही सांगणार नाही. विषय घरातला आहे, पण पैसा उसाचाच आहे. उसाचे बिल खात्यावर जमा होते त्याच सुमारास लग्नसराई येते आणि संक्रांतीचे वाणही येते. लग्नपत्रिका, भेटकार्डे, पाकिटे, खोकी, वाणाच्या वस्तू हे सारे आता मोबाईलवर बघून मागविता येते. घरातील मुले-सुना ते करतातही. वर्षभराच्या कष्टाचा पैसा त्याच मोबाईलला जोडलेला असतो, म्हणून हा व्यवहार घरातील कर्त्या माणसालाही कळला पाहिजे.

मालाची गाडी काट्यावरून खाली उतरली की आपण आधी वजनाची पावती हातात घेतो. ‘लिहून ठेवलंय, नंतर बघू’ असे कोणी म्हटले तर आपण ऐकत नाही. हीच सवय येथेही ठेवावी, एवढेच या पाठाचे सार आहे.

१. पद्धत जुनीच, साधन नवे

न पाहिलेला माल दुरून मागविणे आपल्याला नवीन नाही. आपल्या देशात टपालखात्याची व्ही. पी. पद्धत १८७७ साली सुरू झाली. जाहिरात बघायची, कार्ड टाकायचे आणि पोस्टमन पार्सल घेऊन आला की पैसे मोजायचे. आजचे ‘माल हाती आल्यावर पैसे’ हे त्याच व्ही. पी. चे नवे रूप होय. फरक असा की, त्या काळी पार्सल दारात येईपर्यंत पैसा आपल्या कनवटीला असे. आता बहुतेक ठिकाणी तो आधीच सुटतो, म्हणून तपासही आधीच करावा लागतो.

२. एक उदाहरण धरून चालू

समजा, एका सभासदाची लेक वसईजवळ गिरीजला दिली आहे. (वसईच्या वाड्यांतही एके काळी ऊस होत असे. ठाणे जिल्ह्याच्या १८८२ च्या गॅझेटियरात त्याची नोंद आहे.) घरी धाकट्या मुलाचे लग्न आहे, त्याच्या ३०० पत्रिका छापायच्या आहेत. शिवाय लेकीच्या बाळाच्या बोरन्हाणासाठी हलव्याचे दागिने आणि हळदी-कुंकवाच्या वाणाचे सामान परस्पर गिरीजला पाठवायचे आहे. हे कसे करावे?

३. विकणारा कोण, हे आधी पाहावे

दुकान चांगले दिसले म्हणजे दुकानदार खरा, असे समजू नये. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खालील ई-वाणिज्य नियम जुलै २०२० पासून लागू आहेत. त्यांनुसार विकणाऱ्याचे नाव, पत्ता, संपर्काचा क्रमांक आणि तक्रार अधिकाऱ्याचे नाव ग्राहकाला दिसेल असे दिलेले असले पाहिजे. मोठ्या बाजारपेठेच्या संकेतस्थळावर माल घेतला तरी आत विकणारा कोणी तिसराच असतो. त्याचेही नाव उघडून वाचावे.

जीएसटी क्रमांक दिला असेल तर तो १५ अक्षर-अंकांचा असतो, आणि महाराष्ट्रातील व्यापाऱ्याचा क्रमांक २७ ने सुरू होतो. जीएसटीच्या सरकारी संकेतस्थळावर तो टाकला की नोंदलेले नाव दिसते. तिळगूळ, मिठाई असे खाण्याचे पदार्थ असतील तर त्यावर अन्नसुरक्षा परवान्याचा १४ अंकी क्रमांक पाहावा. ज्याला नाव-पत्ता नाही, नुसता एक मोबाईल क्रमांक आणि चार चित्रे आहेत, त्याच्याकडे आगाऊ रक्कम पाठवू नये.

४. भाव शेवटचा विचारावा

एका ठिकाणी पत्रिका १२ रुपयांना दिसते. ३०० पत्रिकांचे ३,६०० रुपये झाले. पुढे गेल्यावर अक्षरजुळणीचे ५०० आणि पोच करण्याचे २५० रुपये निघतात. एकूण ४,३५० रुपये, म्हणजे नग साडेचौदा रुपयांना पडला. दुसरा १४ रुपये सांगतो, पण सर्व खर्च धरून. त्याचे ४,२०० रुपये होतात. वरून महाग दिसणारा दुसराच स्वस्त निघाला. (हे आकडे केवळ हिशेब समजावा म्हणून घेतले आहेत.)

आपल्या तालुक्याच्या गावचा छापखाना १५ रुपये म्हणत असेल, तर फरक ३०० रुपयांचा. तेवढ्यात समोर बसून मजकूर तपासता येतो, कागद हाताने चाचपता येतो आणि चुकले तर दारात जाऊन सांगता येते. असे असता घरबसल्याच मागविले पाहिजे असे नाही.

‘शेवटचे दोनच शिल्लक’, ‘दहा मिनिटांत भाव वाढेल’ असली घाई खोटी असू शकते. खोटी घाई करणे, न मागितलेली वस्तू गुपचूप यादीत घालणे, भाव शेवटी वाढविणे अशा १३ फसव्या युक्त्यांना केंद्र सरकारने ३० नोव्हेंबर २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांनी मनाई केली आहे. पैसे भरण्याआधी यादी पुन्हा एकदा वरपासून खालपर्यंत वाचावी.

५. कागद, वजन आणि मराठी मजकूर

कागदाची जाडी ‘जीएसएम’ मध्ये सांगतात, म्हणजे एक चौरस मीटर कागदाचे वजन किती ग्रॅम ते. ए-४ आकाराचा ताव चौरस मीटरच्या सोळाव्या हिश्श्याचा असतो. म्हणून ३०० जीएसएमच्या एका तावाचे वजन पावणेएकोणीस ग्रॅम भरते. त्याची घडी घालून पाकिटात घातली की २० ग्रॅमच्या वर जाते. साध्या पत्राचा टपालदर २० ग्रॅमच्या टप्प्यांनी वाढतो. दोनशे पत्रिका टपालाने जाणार असतील तर जाडजूड कागद दोनदा महाग पडतो. आधी एक-दोन नमुने मागवून पाकिटासह तोलून पाहावेत.

नाव घालून छापलेली वस्तू बहुधा परत घेत नाहीत. म्हणून छपाईचा कच्चा नमुना मोबाईलवर मागवून तपासावा आणि मगच ‘छापा’ असे लेखी कळवावे. मराठीची मोडतोड कुठे होते ते बघा :

– मजकूर युनिकोडमध्ये टाईप करून पाठवावा. जुन्या फॉन्टमधील मजकूर दुसऱ्या यंत्रावर भलताच दिसतो.
– ‘दुसऱ्या’, ‘सुऱ्या’ यांतील ऱ्य, तसेच क्ष, ज्ञ आणि जोडाक्षरे तुटली नाहीत ना?
– ल आणि श मराठी वळणाचे आहेत की हिंदी?
– चि., चि. सौ. कां., श्री., कै. ही ज्याची त्याला लागली आहेत ना? हयात माणसापुढे कै. छापले गेले तर ते निस्तरता येत नाही.
– तारीख व वार जुळतात का, हे दिनदर्शिकेत पाहावे. पत्रिकेतील मोबाईल क्रमांक प्रत्यक्ष लावून बघावेत.

नमुना दोघांनी वेगवेगळा वाचावा, त्यांत एक घरातील वडीलधारे माणूस असावे. भावकीतील नावे आणि मान त्यांनाच ठाऊक असतात.

६. पत्ता : गिरीज म्हणजे नेमके कुठे

१ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यातून पालघर जिल्हा वेगळा झाला. तरी जुन्या याद्यांत वसई अजून ठाणे जिल्ह्यातच सापडते. वसई पूर्व व पश्चिम यांच्यामध्ये रेल्वे आहे आणि गिरीज पश्चिमेला आहे. नुसते ‘वसई’ लिहिले तर पार्सल भलत्या बाजूला फिरते. म्हणून घराचे नाव, आळी, जवळची खूण, गिरीज, वसई पश्चिम, ता. वसई, जि. पालघर असे पूर्ण लिहावे.

पिन कोड मात्र अंदाजाने टाकू नये, लेकीलाच विचारावा. वसईला ४०१२०१, सोपाऱ्याला ४०१२०३, विरारला ४०१३०३, इतक्या जवळजवळ हे क्रमांक बदलतात. श्रीराम भिकाजी वेलणकर या मराठी माणसाच्या योजनेतून १५ ऑगस्ट १९७२ रोजी ही पद्धत सुरू झाली. गावांची सारखी नावे आणि निरनिराळ्या लिप्या यांमुळे होणारा घोळ टळावा हाच तिचा हेतू होता. पहिले तीन अंक टपालाचा विभाग व वर्गवारीचा जिल्हा दाखवितात, शेवटचे तीन टपाल कार्यालय.

हलव्याचे दागिने साखरेचे. दमट हवेत साखर पाझरते हे साखर कारखान्याच्या सभासदाला सांगायला नको. किनाऱ्याकडे पाठविताना हवाबंद वेष्टन आहे का ते विचारावे, आणि कार्यक्रमाच्या आठ दिवस तरी आधी पोचेल असे मागवावे.

७. खाते वेगळे ठेवावे

ज्या खात्यावर उसाचे बिल येते ते मोबाईलच्या देवघेवीला जोडू नये. वेगळे छोटे खाते काढून त्यात लागेल तेवढीच रक्कम टाकावी. दुर्दैवाने फसगत झाली तरी ती तेवढ्यापुरती राहते.

पैसे *घेण्यासाठी* यूपीआयचा पिन कधीच लागत नाही. ‘रक्कम परत करतो, हा कोड स्कॅन करा, पिन टाका’ असे कोणी म्हणाला की समजावे, तो घेणारा आहे, देणारा नव्हे. ‘तुमचे पार्सल अडले आहे, पाच रुपये भरा’ म्हणून आलेली लिंक उघडू नये.

पत्रिकेच्याच रूपाने येणारा धोकाही आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये हिंगोलीच्या एका सरकारी कर्मचाऱ्याला व्हॉट्सअॅपवर लग्नाचे निमंत्रण आले. पत्रिका म्हणून जे उघडले ती ‘एपीके’ फाईल, म्हणजे मोबाईलमध्ये शिरणारा कार्यक्रम होता. खात्यातून सुमारे १ लाख ९० हजार रुपये गेले. पत्रिका ही चित्र किंवा पीडीएफ असते. नावाच्या शेवटी ‘एपीके’ दिसले तर ती उघडू नये, पाठविणारा ओळखीचा असला तरी आधी त्याला फोन करावा.

८. बिघडले तर

पार्सल फोडताना मोबाईलवर चित्रण करावे. बिल, मान्य केलेला नमुना, संभाषण आणि पैसे भरल्याची नोंद जपून ठेवावी. मग पायरीपायरीने जावे :

(अ) प्रथम विकणाऱ्याच्या तक्रार अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करावी. नियमाप्रमाणे त्याने ४८ तासांत पोच दिली पाहिजे आणि एका महिन्यात निवारण केले पाहिजे.

(आ) न झाल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईन, क्रमांक १९१५.

(इ) त्यानेही भागले नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. विकणारा दिल्लीचा असो की सुरतेचा, २०१९ च्या कायद्याने ग्राहकाला स्वतःच्या जिल्ह्यात दावा करता येतो. पाच लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही.

(ई) खात्यातून पैसे चोरीला गेले असतील तर वरच्या पायऱ्यांची वाट न बघता लगेच १९३० वर फोन करावा आणि बँकेला कळवावे. रिझर्व्ह बँकेने २०१७ मध्ये घालून दिलेले तत्त्व असे की, ग्राहकाच्या हलगर्जीपणाने गेलेली रक्कम बँकेला कळवेपर्यंत ग्राहकाच्या माथी. कळविल्यानंतर जाईल ती बँकेच्या. लाजेने गप्प बसण्यात वेळ जातो आणि वेळेबरोबर पैसाही.

गटसभेत चर्चेसाठी प्रश्न

१) पत्रिकेचा नगाचा खरा भाव काढताना कोणते खर्च धराल?
२) २५० जीएसएमच्या ए-४ तावाचे वजन किती भरेल?
३) आपल्या घरातील कोणते खाते मोबाईलला जोडलेले आहे आणि उसाचे बिल कोणत्या खात्यावर येते?

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर सभेत मोठ्याने सांगू नये. घरी जाऊन मात्र ते आजच पाहावे, आणि मोबाईल ज्याच्या हाती असतो त्या मुला-सुनेला हा पाठ वाचून दाखवावा, ही आमची विनंती आहे.