प्रौढ साक्षरता वर्गात बीजपरीक्षेचा पाठ

केवळ सही करता आली म्हणजे साक्षरतेचे कार्य संपत नाही. २०२२ साली सुरू झालेल्या ‘उल्लास’ कार्यक्रमात १५ वर्षांवरील निरक्षरांसाठी वाचन-लेखनाबरोबर संख्याज्ञानही अंतर्भूत आहे. कनेरगाव नाका परिसरातील वर्गांत पेरणीपूर्वी पुढील पाठ अवश्य घ्यावा.

घरच्या सोयाबीनचे न निवडता १०० दाणे घेऊन ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या ओळींत मांडावेत. गोणपाट गुंडाळून सावलीत ओलसर ठेवावे. सुमारे सात दिवसांनी निकोप कोंब मोजावेत. तीच शेकडा उगवण होय. ७० दाणे उगवल्यास एकरी ३० किलो बियाणे पुरते. ६०च उगवल्यास ३० गुणिले ७० भागिले ६०, म्हणजे ३५ किलो लागेल.

काही दाणे का उगवले नाहीत, हेही विचारावे. सोयाबीनचे साल नाजूक. मळणीत मार बसल्यास अंकुर दुखावतो. हा हिशेब जाणणाऱ्या शेतकऱ्यावर निकृष्ट बियाण्यापायी दुबार पेरणीची पाळी सहसा येणार नाही.