गव्हाची पोळी, ज्वारीची भाकरी आणि मज्जातंतूंचा एक आजार



या पत्रिकेत आपण बेणेप्रक्रिया, ठिबक, पाचट कुजविणे असे विषय नेहमी वाचता. या वेळी विषय जरा वेगळा आहे. ‘गहू बंद केला की मल्टिपल स्क्लेरोसिस बरा होतो’ असे मोबाईलवर आणि तोंडोतोंडी फिरत आहे. आपल्याकडे हा आजार फार घरांत नाही. पण ज्या घरात आहे, तिथे रोगी बहुधा विशी ते चाळिशीतला, त्यातही बायका पुरुषांच्या दुप्पट-तिप्पट. अशा वेळी घरचे लोक कुणाचेही ऐकतात. म्हणून हे नीट समजून घेतले पाहिजे.

विहिरीवरच्या मोटारीची केबल सर्वांनी पाहिली आहे. आत तांब्याची तार, वर आवरण. आवरण उंदराने कुरतडले की मोटार कधी चालते, कधी बंद पडते. आपल्या मेंदूतून आणि मणक्यातून जाणाऱ्या मज्जातंतूंवरही मायलिन नावाचे असेच आवरण असते. या आजारात शरीराची स्वतःची रोगप्रतिकारक शक्तीच ते आवरण कुरतडते. कुंपणानेच शेत खावे, तसा प्रकार. मग एका डोळ्याला अंधुक दिसते व डोळा हलवताना दुखतो, हातापायाला मुंग्या येतात, चालताना तोल जातो, लघवीवर ताबा राहत नाही, थकवा तर कायमचाच. पॅरिसच्या शार्को या डॉक्टरांनी 1868 साली या आजाराचे सविस्तर वर्णन केले. तो का होतो याचे पूर्ण उत्तर अजून नाही. एपस्टाइन-बार नावाच्या विषाणूशी त्याचा घट्ट संबंध असल्याचे 2022 साली अमेरिकेतील सैनिकांच्या मोठ्या अभ्यासातून दिसले. पण तो विषाणू बहुतेक सर्वांच्याच अंगात असतो आणि आजार मात्र थोड्यांनाच होतो.

आता गव्हाकडे येऊ. गहू, जव आणि राय या धान्यांत ग्लुटेन नावाचे प्रथिन असते. कणकेचा गोळा थोडा वेळ भिजू द्यावा आणि नळाखाली धूत राहावे. पांढरे पाणी वाहून जाते आणि हातात रबरासारखा चिवट गोळा उरतो, तेच ग्लुटेन. पोळी लाटताना ती फाटत नाही ती यामुळे. ज्वारीत ते नाही, म्हणून भाकरी थापावी लागते. बाजरी, नाचणी, तांदूळ, मका, वरी, राजगिरा यांतही नाही. खपली गव्हात मात्र आहे, कुणी काहीही सांगो.

हे ग्लुटेन काही माणसांना खरोखरच सोसत नाही. त्या आजाराला सीलिॲक म्हणतात. त्याचा शोध मोठा नवलाचा आहे. हॉलंडमध्ये डॉ. डिके हे बालरोगतज्ज्ञ होते. या मुलांना गहू बाधत असावा असा त्यांना आधीपासून संशय होता. 1944-45 च्या हिवाळ्यात युद्धामुळे तिथे उपासमार झाली, पाव मिळेना. इतर मुले खंगली, पण ही मुले सुधारली आणि पाव परत आल्यावर पुन्हा आजारी पडली. 1950 साली त्यांनी आपला प्रबंध मांडला. आज सीलिॲकवर गहू कायमचा बंद हाच उपचार आहे. उत्तर भारताच्या गहू खाणाऱ्या पट्ट्यात शंभरात सुमारे एकाला तो असतो.

घोटाळा इथेच होतो. सीलिॲकमध्ये पथ्य हेच औषध, म्हणून दुसऱ्या आजारातही तसेच असेल असे लोक धरून चालतात. त्यात रॉजर मॅकडुगल यांचे उदाहरण सांगितले जाते. हे स्कॉटलंडचे नाटककार. 1950 नंतरच्या काळात त्यांना मल्टिपल स्क्लेरोसिस झाला. पुढे ग्लुटेन वर्ज्य करून आणि साखर व प्राणिज चरबी कमी करून आपण सुधारलो, असे त्यांनी जगाला सांगितले. माणूस प्रामाणिक होता, त्याबद्दल शंका नाही. पण एका माणसाच्या सांगण्याने उपचार ठरत नाही. हे ऊस उत्पादकाला तरी पटवून द्यावे लागू नये. एखाद्याने नवे टॉनिक फवारले, त्याच आठवड्यात पाऊस झाला, ऊस तरारला. श्रेय कुणाचे? म्हणून पाडेगावच्या संशोधन केंद्रात बिनफवारणीचा तुकडा शेजारी ठेवतात.

या आजारात तर हा ‘पाऊस’ आपोआप पडतो. बहुतेक रोग्यांत सुरुवातीला झटका येतो, काही आठवड्यांनी तो ओसरतो आणि पुढचे महिने, कधी वर्षेही, बरी जातात. झटका आल्यावर गहू सोडला आणि दोन महिन्यांनी पाय चालू लागले, तर गव्हानेच केले असे वाटणारच. पण गहू खाणाऱ्याचेही पाय तसेच चालू लागले असते. गहू सोडल्याने हा आजार थांबतो असे नीट तुलना करून केलेल्या मोठ्या चाचणीत आजवर सिद्ध झालेले नाही. या रोग्यांत सीलिॲकही जास्त आढळतो का, यावर पाहण्यांचे निष्कर्ष एकसारखे नाहीत.

मग गहू सोडू नये का? खुशाल सोडा. आपल्या आजी-आजोबांनी जन्मभर भाकरीच खाल्ली. शहरात ‘ग्लुटेन-फ्री’ छापलेले महागडे पीठ मिळते, ते घेण्याचे कारण नाही. घात होतो तो वेगळ्या ठिकाणी. पथ्य लागू पडले असे समजून घरचे औषध बंद करतात. झटके कमी करणारी औषधे 1993 पासून निघाली आहेत. ती महाग आहेत, हे खरे दुखणे आहे. पण त्यांतली काही अचानक तोडली तर आजार पूर्वीपेक्षा जोराने उसळतो आणि तेव्हा गेलेली ताकद पुष्कळदा परत येत नाही. खर्च झेपत नसेल तर ते डॉक्टरांना स्पष्ट सांगावे, दुसरे औषध किंवा सरकारी रुग्णालयाची वाट निघते का ते विचारावे. विडी-सिगारेट मात्र आजच सोडावी, तिने हा आजार वाढतो. चैत्र-वैशाखाच्या उन्हात त्रास वाढल्यासारखा वाटतो, तो अंग थंड झाल्यावर उतरतो. तेव्हा घाबरू नये, पण अशा माणसाला दुपारी खुरपायलाही पाठवू नये.

आणखी एक. जुलाब, रक्त कमी, वजन घटणे असे काही सोबत असेल तर सीलिॲकची रक्ततपासणी गहू सोडण्याच्या *आधी* करावी. गहू सोडून काही महिने झाले की तपासणी खोटीच निर्दोष येऊ शकते. मुंग्या आणि तोल जाणे हे बी-बारा जीवनसत्त्व कमी पडल्यानेही होते, तेही त्याच वेळी तपासून घ्यावे. आणि सीलिॲक निघालाच, तर कुरडई, शेवया, रवा बंद, हिंगाच्या डबीवर गव्हाचे पीठ लिहिले आहे का ते पाहावे, आणि ज्वारीचे दळण गव्हाच्या दळणावर टाकू नये. गिरणीवाल्याला आधी सांगून ठेवावे किंवा घरचे जाते काढावे.