स्थानवंदन आणि मुलांची शाळा

चैत्र लागला की उपदेशी कुटुंबांतून एक प्रश्न हटकून उपस्थित होतो. फलटणच्या यात्रेस निघावयाचे, आणि त्याच सुमारास शाळांच्या वार्षिक परीक्षा. मग मुलाचे नाव पटावर राहते आणि मूल गाडीत बसते.

स्थान, प्रसाद, भिक्षु व वासनिक या साधनांत स्थानाचे महत्त्व निर्विवाद आहे. परंतु स्थान म्हणजे केवळ ओटा नव्हे. तेथे कोणती लीळा झाली, हे जाणून केलेले नमन तेच वंदन. हे ज्ञान आले कोठून? महिंभटांनी भक्तांना गाठून लीळा मिळविल्या व लिहून ठेवल्या. स्थानांच्या दिशा नि खुणा स्थानपोथीने राखल्या. ज्या पंथाची स्मृती अक्षरांत टिकली, त्याच्याच मुलाला अक्षरांपासून तोडून स्थानी नेणे ही विसंगती होय.

शिक्षकांना सांगून घेतलेली दोन दिवसांची रजा वेगळी. परीक्षा बुडवून पंधरा दिवस फिरविणे वेगळे. 2009 च्या कायद्याने सहा ते चौदा वर्षांच्या मुलाला शिक्षणाचा हक्क दिला आहे. पुष्कळदा सोय वडिलांची असते व नाव मात्र मुलाच्या धर्माचे घेतले जाते.

स्थान कोठे जात नाही. उन्हाळी सुटीत रिद्धपुरास नेलेले मूल ओट्याशी बसून श्रीगोविंदप्रभूंची लीळा स्वतः वाचते. नजर अधू झालेल्या आजीलाही वाचून दाखविते.