पात्यावरील पन्हळ कशासाठी?

तरवारीच्या पात्यावर जी लांब पन्हळ दिसते ती रक्त वाहून जाण्याकरिता असते, अशी समजूत आमच्या विद्यार्थ्यांतच नव्हे, तर त्यांच्या वडीलधाऱ्यांतही आढळते. पन्हळ नसल्यास पाते जखमेत रुतून बसते, असेही कित्येक सांगतात. दोन्ही गोष्टी खऱ्या नाहीत. रक्त वाहण्यास पन्हळीची वाट लागत नाही, आणि सपाट पातेही सहज बाहेर निघते. मग कारागिराने हे श्रम का घ्यावेत?

उत्तर शोधण्यास शस्त्रागारात जावयास नको. आपल्या चाकूर तालुक्यातील लातूर रोड स्थानकावरून जाणारे रूळ पाहावेत. रुळाचा माथा जाड, पाया रुंद, पण कंबर बारीक असते. गाडीच्या भाराने रूळ वाकू लागला म्हणजे खरा ताण माथ्यावर व पायथ्यावर पडतो. मधल्या लोखंडास त्या मानाने थोडेच काम असते. तरवारीचा घाव बसतो तेव्हा धार व पाठ यांची हीच स्थिती होते. म्हणून मधले पोलाद कमी केले तर वजन बरेच उतरते, पण बळ फारसे घटत नाही. पन्हळीमुळे पाते अधिक बळकट होते असे मात्र समजू नये. ते हलके होते, एवढेच. शिवाय लोहार पन्हळ ठोकून पाडतो तेव्हा तेथील पोलाद वाया न जाता बाजूंस पसरते, आणि तेवढ्याच लोखंडात रुंद पाते साधते. युरोपातून आलेल्या पात्यास एतद्देशीय मूठ बसवून केलेल्या फिरंगी तरवारीवर अशा दोनतीन पन्हळीही पुष्कळदा आढळतात.

तरवारीस जे शोभते ते वीतभर सुरीस लागू पडेलच असे नाही. एवढ्याशा पात्यात वजन ते किती वाचणार? बाजारात केवळ पन्हळ पाहून कोणी चार पैसे अधिक मागितले, तर पालकांनी ते शोभेचे समजावेत. काही सुऱ्यांच्या धारेलगत लहान लांबट खळगे असतात, त्यांची गोष्ट निराळी. त्यांत हवा राहत असल्यामुळे कापलेली चकती पात्यास कमी चिकटते.

आमच्या मते या साऱ्यांहून हुशार हत्यार म्हणजे गवत कापण्याचा दातेरी विळा. गुळगुळीत धारेवरून वाळलेली काडी निसटते. बारीक दाते तिला धरून ठेवतात. ते मुठीकडे कललेले असल्याने विळा ओढला म्हणजेच कापतो, ढकलला तर नाही. गवत कापणाऱ्याचा हात तरी ओढण्याचेच काम करीत असतो.

मिटणाऱ्या चाकूच्या पात्यावर पाठीजवळ नखाएवढी खाच असते, ती मुलांनी पाहिलीच असेल. तिच्यात नख अडकवून पाते उघडावयाचे असते. काही चाकूंत धार जेथे मुठीजवळ संपते तेथे आणखी एक बारीक खोबण ठेवितात. तिच्यामुळे सहाणेवर घासताना धार अगदी शेवटपर्यंत लावता येते. ही खोबण नसलेला चाकू वर्षभर घासून पाहावा: मुठीजवळचा भाग जाड राहतो, पुढचा झिजतो, आणि भाजी पाटावर तुटेनाशी होते.