फोन गेला तरी फोटो राहावेत

मैत्रिणींनो, बैठकीच्या रजिस्टरचं पान, विक्रीचे पापड-लोणचे, विमा काढलेल्या शेळीच्या कानातला बिल्ला, सगळ्याचे फोटो आपल्या फोनमध्ये असतात. फोन पाण्यात पडला की सगळंच गेलं! म्हणून गुगल फोटोजमध्ये ‘बॅकअप’ चालू करा. जीमेल, ड्राइव्ह आणि फोटो मिळून १५ जीबी जागा फुकट मिळते.

आता इथे नीट लक्ष द्या. बॅकअप झालाय म्हणून याच अ‍ॅपमधून फोटो डिलीट केला, तर तो फोनमधून आणि गुगलवरून, दोन्हीकडून जातो. फोनमध्ये जागा करायची असेल तर ‘फ्री अप स्पेस’ दाबा. त्याने फोनमधला फोटो जातो, गुगलवरचा राहतो. चुकून डिलीट झालाच तर घाबरू नका. बॅकअप झालेला फोटो ६० दिवस ‘बिन’ किंवा ‘ट्रॅश’मध्ये असतो, तिथून परत आणता येतो.

गटाचा अल्बम करून त्याची लिंक गिऱ्हाइकाला पाठवता येते. पण ती लिंक ज्याच्या हाती पडेल त्याला फोटो दिसतात. म्हणून अल्बममध्ये फक्त मालाचे फोटो ठेवा. आधार, पासबुक, सह्यांचं पान नको.

पुढच्या बैठकीत एकमेकींचा बॅकअप चालू आहे का, ते तपासा. पासवर्ड मात्र कुणालाच सांगू नका.