माळावर झाडं लावू नका

दिवे घाट चढून सासवडच्या अलीकडे आम्ही ३ एकर माळ घेतला, तेव्हा बायको म्हणाली, "अहो, इथे तर काहीच नाही!" मलाही तेच वाटलं. सातबाऱ्यावर निम्मी जमीन पोटखराबा. जन्म फ्लॅटमध्ये काढलेल्या माणसाला उघडी जमीन दिसली की हात शिवशिवतात. निसर्गासाठी काहीतरी करायचं ठरलं, म्हणजे अर्थातच झाडं.

मे महिन्यात जेसीबी लावून ४०० खड्डे घेतले. वीतभर मातीखाली नुसता मुरूम. दुसऱ्या दिवशी एक माळटिटवी डोक्यावर घिरट्या घालत ओरडत सुटली. ऑपरेटर पोरगा खाली उतरला, उकिडवा बसला आणि त्यानं मला हाक मारली. खड्यांमध्ये खड्यांसारखीच ठिपक्याठिपक्यांची चार अंडी; दोन चाकाखाली गेलेली. "साहेब, दिसलीच नाहीत हो." मला तरी कुठे दिसली होती?

पावसाळ्यात उकरलेल्या मातीवर गाजरगवत माजलं. टँकर थांबवला तशी दुसऱ्या उन्हाळ्यात रोपं गेली. जगलं ते गिरिपुष्प, आणि ते या मातीतलं नव्हेच. भोवती तारेची जाळी ठोकली होती. दिवाळीनंतर मेंढरं घेऊन कोकणात उतरणाऱ्या धनगरांची वाट तिनं अडवली. त्यांच्यातल्या एका म्हाताऱ्यानं जाळीला हात लावून विचारलं, "गवात काय वाईट करत हुतं?"

उत्तर नव्हतं. हा पर्जन्यछायेतला पट्टा. इथलं जंगल म्हणजे गवतच. पवन्या, कुसळी, मारवेल यांच्या आधारानं चंडोल, ससे, खोकड, लांडगे राहतात. पण सरकारी दप्तरापासून आपल्या डोक्यापर्यंत सगळीकडे त्याला 'पडीक' म्हणायची सवय. सुप्याचं चिंकाऱ्यांचं मयूरेश्वर अभयारण्य जेमतेम ५ चौरस किलोमीटरचं आहे. एवढ्यात किती जनावरं मावणार? बाकीची तुमच्या-माझ्या गटातून आणि गायरानातूनच फिरतात.

म्हणून शहराच्या कडेला जमीन घेणाऱ्यांना माझं सांगणं एवढंच, की पहिलं वर्ष काही करू नका. तिन्ही ऋतूंत पायी फिरा, काय दिसतं ते वहीत लिहा. झाडांची फारच हौस असेल तर ओढ्याच्या काठानं बाभूळ, हिवर, बोर लावा. उघडा माळ उघडाच ठेवा. जाळीऐवजी दगडी ताल घाला, त्यातही वाट सोडा. गाजरगवत फुलायच्या आत उपटायचं. गवत मात्र बी झडल्यावरच कापायचं, तेही एकदम सगळं नाही. वणव्यासाठी जाळपट्टा वेळेत काढा, शेजाऱ्याला बरोबर घेऊन. आग काही हद्दीची खूण बघत नाही. आणि रात्रभर जळणारे फ्लडलाइट नकोत. घर राखायला कुत्रा पुरतो असं म्हणणार होतो, पण मोकळं कुत्रं टिटवीच्या पिल्लांचा काळ. बांधून ठेवा.

जाळी मी काढली. गवत परत यायला तीन पावसाळे गेले, आणि जेसीबी जिथे खोल गेला होता तिथे अजून नीट आलेलं नाही.

शेजारच्या गटाच्या मालकांच्या डोक्यात प्लॉटिंग होतं. त्यांना चंडोलाची शीळ ऐकवली, त्यांनी जांभई दिली. मार्गशीर्षात आमच्या गवताच्या पेंढ्या गोठेवाल्यानं जागेवरून उचलल्या, रोख पैसे दिले. ते कुंपणापाशी उभे राहून मोजत होते.

"यंदा थांबतो," ते म्हणाले. "पुढचं पुढं बघू."