प्लेटलेट वाढल्या तर? – एका कॅप्सूलची ओळख

डेंग्यूच्या साथींमुळे 'प्लेटलेट' हा शब्द यवतमाळ जिल्ह्यात घरोघरी पोहोचला, पण तो त्या कमी होण्याच्या भीतीने. त्या वाढल्या तरी धोका असतो, याची माहिती आपल्या विद्यार्थ्यांना असावी म्हणून हे थोडेसे टिपण.

एका घनमिलिमीटर रक्तात साधारण दीड ते साडेचार लाख प्लेटलेट असतात. रिपोर्टवर सहा लाख दिसले म्हणजे रक्ताचा मोठा आजारच, असे नाही. जंतुसंसर्गाने, शस्त्रक्रियेनंतर किंवा आपल्या मायबहिणींत नेहमी आढळणाऱ्या लोहाच्या कमतरतेनेही आकडा वाढतो व कारण दूर झाले की उतरतो. काहींच्या अस्थिमज्जेतच मात्र बिघाड असतो. अशा सुमारे निम्म्या रुग्णांत जॅक-२ या जनुकातील बदल आढळतो, हे २००५ साली कळले. अशा रक्तात गुठळी होऊन पक्षाघात किंवा हृदयविकाराचा झटका येऊ शकतो.

वय साठच्या पुढे असेल किंवा पूर्वी गुठळी झाली असेल, तर डॉक्टर बहुधा हायड्रॉक्सीयुरिया देतात. ते मज्जेतील पेशींची वाढ मंदावते. इटलीत ११४ रुग्णांवर झालेला अभ्यास १९९५ साली प्रसिद्ध झाला. औषध घेणाऱ्या ५६ पैकी दोघांना गुठळी झाली, न घेणाऱ्या ५८ पैकी चौदा जणांना. जोडीला अ‍ॅस्पिरिनचा लहान डोस असतो. पण प्लेटलेट दहा लाखांवर गेल्यास उलट रक्तस्रावही होतो, तेव्हा ती गोळी मनाने घेऊ नये.

हे औषध विदर्भाला परके नाही. नागपूरचे डॉ. शुक्ला व डॉ. सोळंकी यांनी १९५८ साली मध्य भारतातील सिकलसेलची नोंद प्रसिद्ध केली. आपल्या समाजात आणि आदिवासी बांधवांत तो आजार बराच आहे, आणि त्यातील वेदनांचे झटके कमी करण्यासाठी हीच कॅप्सूल देतात. म्हणूनच सांगावेसे वाटते की, एकाच्या डबीतली कॅप्सूल दुसऱ्याने घेऊ नये. आजार वेगळा, डोस वेगळा.

आकडा उतरला की पुष्कळजण औषध सोडतात. कर्ज फिटले की खाते बंद होते, तसे इथे होत नाही. औषध थांबले की प्लेटलेट पुन्हा चढतात. सुरुवातीला एक-दोन आठवड्यांनी, पुढे दोन-तीन महिन्यांनी रक्त तपासावे लागते, कारण पांढऱ्या पेशीही घटतात. तोंडात किंवा पायावर जखमा झाल्या, ताप आला, तर लगेच डॉक्टरांना दाखवावे. मूल हवे असलेल्या स्त्रियांनी आधीच तसे सांगावे. त्यांच्यासाठी इंटरफेरॉन हे इंजेक्शन आहे.